दहा रुपयांचं तिकीट, पुराचा तक्ता आणि माझी पहिली रहस्यकादंबरी

ऑगस्ट 2024 मध्ये माझी पहिली रहस्यकादंबरी छापून आली आणि तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी सगळे दोनच प्रश्न विचारतात. हे सगळं सुचतं कुठून, आणि छापायला पैसे किती गेले. मी सुरुवात केली तेव्हा मलाही हेच विचारायचं होतं पण विचारायला कोणी नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

मी नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरते. 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी, जुलैत आयकर, सप्टेंबरात ऑडिट. त्यामुळे "रोज पहाटे उठून हजार शब्द लिहा" वगैरे सल्ले माझ्या कामाचे नाहीत. मी 21 तारखेपासून पुढचे आठ-दहा दिवस लिहिते, रात्री साडेनऊ ते साडेअकरा, मुलाची परीक्षा नसेल तर. बाकीच्या दिवसांत फक्त वहीत टिपणं. ज्यांची नोकरी तारखांवर चालते त्यांनी लिखाणाच्याही तारखाच धराव्यात असं माझं मत झालंय, मूड बघत बसलं की ऑडिट येतं.

आता सुचतं कुठून. माझं माहेर जुन्या नाशकात, सराफबाजाराच्या मागच्या एका बोळात. आमच्याकडे गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, आणि पावसाळ्यात बातम्या लावण्याआधी विचारतात की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय. गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. गळ्याला म्हटलं की खालची दुकानं माल वर हलवायला लागतात. वाड्याच्या दिंडीदरवाजाच्या चौकटीवर आजोबांनी खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे, शेजारी '69' एवढंच कोरलंय, 1969 च्या पुराची. तिच्या खाली बाबांनी मार्करने काढलेली 2008 ची आणि त्यानंतरची 2 ऑगस्ट 2016 ची. लहानपणी आम्ही त्या 69 च्या रेघेला पाठ लावून आपली उंची मोजायचो.

2016 ला मी लग्न होऊन इंदिरानगरला राहत होते, पण पाणी ओसरल्यावर गाळ काढायला गेले. तेव्हा आत्याने एक गोष्ट सांगितली जी डोक्यातून गेलीच नाही. म्हणाली, "अगं, सगळे गंगेकडे तोंड करून उभे होते आणि पाणी आलं मागून." म्हणजे सरस्वती नाला. तो आता बराचसा झाकलेला आहे, त्यामुळे दहीपूल-सराफबाजारात नवीन आलेल्या माणसाला आपण नाल्यावर उभे आहोत हे कळत नाही, पण जोराचा पाऊस झाला की नदीच्या आधी तोच वर येतो. मला वाटलं, समजा एखाद्याने सांगितलं की मी पुरामुळे अडकलो होतो, आणि सगळ्यांनी नदीचा पूर धरून त्याची वेळ मान्य केली, तर? कथा सुचली ती एवढ्यावरूनच, स्वप्न वगैरे काही पडलं नाही.

हे डोक्यात पाच वर्षं पडून होतं. हलवलं ते डिसेंबर 2021 च्या साहित्य संमेलनाने. 94 वं संमेलन आपल्या नाशकात, आडगावला भुजबळ नॉलेज सिटीत, 3 ते 5 डिसेंबर. अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर, तब्येतीमुळे ते स्वतः येऊ शकले नव्हते. मी रविवारी गेले, अर्धा वेळ पुस्तकांच्या स्टॉलवरच. पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस संमेलनाध्यक्ष झालाय याचंच मला फार बरं वाटलं होतं, कारण रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा म्हटलं की आपल्याकडे "छान, टाइमपास आहे" असं म्हणून पाठीवर थाप मारतात. नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. माझ्या नावाचं दडपण फक्त क्लायंटवर, तेही 20 तारखेला, पण मीही ठरवलं की कथा माहेरच्या नावाने पाठवायची. ऑफिसात कळलं नाही पाहिजे की रिटर्न भरणारी बाई रात्री खून करते.

मग 2022 भर दोन गोष्टी बरोबरीने चालू होत्या. एक, दिवाळी अंकासाठी छोटी रहस्यकथा. (दिवाळी अंकांची परंपरा 1909 ची, काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'पासूनची. त्याच वर्षी 21 डिसेंबरला आपल्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. नाशिकच्या रहस्यलेखकाला विषय कमी पडतात असं कोणी म्हणू नये.) टीप अशी की दिवाळी अंकाला दिवाळीत पाठवून उपयोग नसतो, मे-जूनमध्येच पाठवा. मी जूनमध्ये पाठवली, ऑगस्टमध्ये फोन आला, ऑक्टोबरात अंक आणि हजार रुपयांचा चेक. तो चेक मी दोन आठवडे भरलाच नव्हता, पर्समध्ये घेऊन फिरत होते.

दुसरी गोष्ट कादंबरीची माहिती. सुरुवात सार्वजनिक वाचनालयापासून केली, आपलं सावाना, 1840 चं. तिथे बसून 3 ऑगस्ट 2016 आणि पुढच्या आठवड्याची वर्तमानपत्रं वाचली. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या गाड्यांचे फोटो तर सगळ्यांनी बघितलेत, मला हव्या होत्या आतल्या पानावरच्या एक कॉलमी बातम्या. कुठल्या गल्लीत वीज किती वाजता गेली, कुठला पूल कधी बंद केला. कथेला जी माहिती लागते ती पहिल्या पानावर सहसा नसते.

पोलिसांची बाजू कळली ती आमच्या बिल्डिंगमधल्या निवृत्त हवालदार काकांकडून. माझी कल्पना अशी की बॉडी सापडली, इन्स्पेक्टर आला आणि म्हणाला "हा खून आहे." काका इतके हसले. म्हणाले, "अहो ताई, पुरात बॉडी सापडली की आधी एडी दाखल होते. अकस्मात मृत्यू. मग इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, मग सिव्हिल हॉस्पिटलला पोस्टमॉर्टेम. खून बिन नंतरचं. आणि पंच, म्हणजे पंचनाम्याचे साक्षीदार, मिळवणं हेच मोठं काम, गाळात उभं राहून सही करायला कोण येतंय?" हे शेवटचं वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं? माझ्या कादंबरीतलं तिसरं प्रकरण पूर्ण त्यावर आहे, हवालदार पंच शोधत फिरतोय आणि प्रत्येक दुकानदार फावडं हातात घेऊन म्हणतोय की मला वेळ नाही. त्याच फिरण्यात त्याला पहिला धागा मिळतो.

तरी एक गोष्ट अडलेलीच होती. माझ्या संशयिताचं म्हणणं असं की तो त्या दुपारी नदीपलीकडे पंचवटीत होता आणि रामसेतू पूल पाण्याखाली गेल्यामुळे अलीकडे येऊच शकला नाही. हे खरं की खोटं, हे वाचकाला पाण्याच्या वेळांवरून पकडता यायला हवं. लोकांना विचारलं तर प्रत्येकाची वेळ वेगळी, आत्या म्हणते दुपार, शेजारचे म्हणतात सकाळीच. मग ऑफिसातल्या एका सरांनी सहज सुचवलं, माहिती अधिकार टाका ना.

माहिती अधिकाराला लोक उगाच घाबरतात. आपल्या राज्यात 'जोडपत्र अ' नावाचा नमुना असतो, साध्या कागदावर लिहिला तरी चालतो. त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत. हे 150 शब्दांचं बंधन लेखकाला फार कठीण जातं, माझा पहिला मसुदा वाचून नवरा म्हणाला की यात नायिका कुठे आहे. शेवटी एवढंच उरलं: 2 ऑगस्ट 2016 रोजी गंगापूर धरणातून तासागणिक सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये, आणि होळकर पुलाजवळच्या पाण्याच्या नोंदी, दोन्हीच्या छायांकित प्रती. माहिती कशाला हवीय हे लिहावं लागत नाही, कायद्याच्या कलम 6(2) मध्येच तसं आहे. आवक शाखेतल्या ताईंनी कुतूहलाने विचारलं, मी खरं सांगितलं, कादंबरीसाठी. त्यांनी पोचेवर शिक्का मारत विचारलं, "शेवट गोड आहे ना?" पोच मात्र न विसरता घ्या, तारखेसकट, कारण 30 दिवस तिथून मोजायचे.

अर्ज टाकला 22 ऑगस्ट 2022 ला. मधल्या काळात एक पत्र आलं की अर्धी माहिती दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित असल्याने अर्ज कलम 6(3) खाली तिकडे वर्ग केलाय. घाबरू नका, हे नेहमीचं आहे, आपल्याला परत तिकीट लावावं लागत नाही. मग पानाला 2 रुपये प्रमाणे पैसे भरा असं पत्र. मुदत उलटली असती तर पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचं तिकीट, तीही तयारी ठेवली होती पण लागली नाही. सप्टेंबरच्या शेवटी ऑडिटच्या ऐन गर्दीत ते पाकीट हातात पडलं.

आत रजिस्टरच्या झेरॉक्स. हाताने आखलेले रकाने, झेरॉक्समध्ये काळ्या झालेल्या अक्षरांच्या ओळी, तास, दरवाजे, विसर्ग, आणि एका ठिकाणी चहाच्या कपाचा गोल डाग, तोही झेरॉक्समध्ये उतरलेला. कोणीतरी त्या दिवशी धरणावर बसून दर तासाला हे भरत होतं. मी ते कागद जेवणाच्या टेबलावर पसरून शेजारी सावानातल्या बातम्यांच्या वेळा लिहिल्या, ऑफिसात जीएसटीचं 2बी विवरण आणि खरेदीचं रजिस्टर जुळवतो ना तसंच. आणि जुळवताना दिसलं की धरणातून सोडलेलं पाणी शहरात पोचायच्या आधीच खालच्या भागात पाणी आल्याच्या बातम्या आहेत. अर्थात, पाऊस शहरातही पडतच होता, वाघाडी, सरस्वती सगळे नाले भरून वाहत होते. आत्याचं 'मागून आलं' कागदावर आलं. दोन पाण्यांच्या मध्ये जो वेळ राहतो त्यात माझा खून बसला. यापुढे सांगत नाही, पुस्तक विकायचंय.

मग ऑक्टोबर 2022 ते मे 2023 लिखाण. हे सगळ्यात मोठं काम आणि याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात कमी. आधी वहीत, मग फोनवर व्हॉइस टायपिंगने डॉक्समध्ये. व्हॉइस टायपिंग मराठीला बरं चालतं पण विरामचिन्हं आपल्यालाच घालावी लागतात, आणि रात्री हॉलमध्ये बसून "त्याने चाकू पुसला" असं फोनला सांगताना सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या एकदा, असो.

जून 2023 पासून प्रकाशक. पुण्या-मुंबईच्या काहींना आधी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं मेल केली. एकाने चार महिन्यांनी कळवलं की रहस्यकथेला सध्या मागणी नाही. एकाने कधीच कळवलं नाही. एकाला आवडली, फोनवर भरभरून बोलले, आणि शेवटी म्हणाले की लेखकाने 200 प्रती स्वतः विकत घ्यायच्या, आगाऊ. मी हिशोबाची बाई, मी आकडा मांडला तर त्या पैशात मी स्वतःच छापू शकत होते. साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही बघितली, पहिल्या पुस्तकासाठी असते, तुमचं बसत असेल तर जरूर बघा. मला आणखी थांबायचं नव्हतं. जानेवारी 2024 मध्ये ठरवलं, स्वतःच.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली, ऑनलाइन अर्ज. लेखक स्वतःच प्रकाशक असेल तरी मिळतो. ओळखपत्र, पत्ता आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ-शीर्षकपान वगैरे अपलोड करायचं. मला "आम्ही काढून देतो, 2000 रुपये" म्हणणारे भेटले होते. माझा अर्ज एकदा परत आला, शीर्षकपानावरचं प्रकाशकाचं नाव अर्जाशी अक्षर न अक्षर जुळत नव्हतं, दुरुस्त करून टाकला आणि मार्चमध्ये 13 आकडी नंबर आला. ई-बुक काढणार असाल तर त्याला वेगळा नंबर लागतो, एकाच अर्जाच्या भानगडीत दोन्ही उरकून घ्या.

डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवणं, हा प्रकार मात्र जीव काढतो. माझी फाइल युनिकोडमध्ये, डीटीपीवाल्या दादांचं सगळं काम जुन्या फॉन्टमध्ये. कन्व्हर्ट केलं की रफार उडी मारून शेजारच्या अक्षरावर बसायचा, 'वाऱ्या'चं काहीतरी भलतंच व्हायचं, आणि अवतरणचिन्हं तर सगळीकडे उलटी. रहस्यकथेत कोण काय बोललं यालाच महत्त्व, तिथे अवतरण हरवलं म्हणजे साक्षच बदलते. म्हणून मुद्रितशोधनाला पैसे वाचवू नका, आणि कन्व्हर्ट झाल्यानंतरच्या प्रिंटवर करून घ्या, आधीच्या फाइलवर करून काही उपयोग नाही. पानं 208 वर आणली, म्हणजे सोळा पानी तेरा फॉर्म बरोबर, मागे कोरी पानं नकोत.

यातच 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. माझं कच्चं लिखाण वाचणारी वकील मैत्रीण म्हणाली, अगं तू 302 लिहिलंयस, आता खुनाला न्याय संहितेचं 103 आहे. पण माझा गुन्हा 2016 चा, तपासही 2016 मध्येच संपतो, त्यामुळे 302 आणि इन्क्वेस्टला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) 174 हेच बरोबर. आजच्या काळातली कथा लिहीत असाल तर इन्क्वेस्टला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 बघा. गुन्ह्याची तारीख आधी ठरवा, कलमं त्यावरून.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क आपलाच, हयातभर आणि नंतर 60 वर्षं. तरी मी केली, 500 रुपये ऑनलाइन, डायरी नंबर लगेच मिळतो, मग हरकतींसाठी 30 दिवस थांबतात आणि पुढे त्यांच्या सवडीने. मुखपृष्ठ दुसऱ्याने काढलं असेल तर त्याची लेखी संमती घेऊन ठेवा.

खर्च, जो तुम्ही केव्हाची वाट बघताय. डीटीपी पानाला 30 प्रमाणे 6,240, मुद्रितशोधन 20 प्रमाणे 4,160, मुखपृष्ठ 6,000, डेमी साइजच्या 300 प्रती 95 रुपयाने 28,500, कॉपीराइट 500. एकूण 45,400. हे माझे आकडे, तुमच्याकडे कागद आणि प्रतींवर कमीजास्त होईल. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी शून्य आहे, जीएसटीच्या यादीतलं 4901 हेडिंग. पैसे माझ्या रिकरिंग ठेवीतून गेले, त्यावर्षी कोकणची सहल रद्द, घरात दोन दिवस शांतता होती.

छापून आल्यावर 30 दिवसांत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवावी लागते, 1954 च्या कायद्याने. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबई आणि दिल्ली. कोणी विचारायला येत नाही म्हणून पुष्कळ जण पाठवत नाहीत, मी पाठवल्या. सराफबाजारातला खून कोलकात्यात कोणी मराठी माणूस कधीतरी काढून वाचेल, काय सांगता येतं.

किंमत ठेवली 280. दुकानदार साधारण 40 टक्के कापून घेतात, तेही उधारीवर, विकलं तर पैसे. दिवाळीत बरी गेली. माहेरच्या बोळात फारच, कारण प्रत्येकाला वाटतंय की कादंबरीतला सावकार म्हणजे अमका आणि पंच व्हायला नकार देणारा भांडीवाला म्हणजे तमका. आत्याने तर शेजारणीला आतल्या आवाजात सांगितलं की नावं बदललीत फक्त. "सर्व पात्रे काल्पनिक" हे वाक्य मी आत ठळक छापलंय, पण ते पान कोणी वाचत नाही. तुम्ही खऱ्या गल्लीत कथा घालणार असाल तर निदान दुकानाचा धंदा आणि माणसाचं वय बदला, मी सावकाराला मुद्दाम चाळीशीतला केला होता तेवढ्यावर निभावलं.

आणि दुकानात प्रती ठेवताना नुसत्या ठेवून येऊ नका. दोन प्रतीत डिलिव्हरी चलन करा, प्रतींची संख्या, किंमत, कमिशन, आणि एकावर दुकानदाराची सही-शिक्का. एका ठिकाणी मार्चमध्ये हिशोबाला गेले तर मालक म्हणाले तुमच्या दहाच आल्या होत्या. मी चलन काढलं, पंचवीस. ते म्हणाले, "बरं बरं, पोरगा बसला होता त्या दिवशी," आणि बाकीचे पैसे तिथल्या तिथे जीपे केले.